पहिला चेंडू कोणीं फेकला?
(सेंट लुईस येथील विद्यार्थ्यांच्या 1906 सालच्या हंगामाची हकीकत)

महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठीं आम्हीं कांहीं इतिहासपर लिहून द्यावें, अशी मंडळाची आज्ञा झाली. धर्मग्रामाचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलाच आहे. म्हणून आम्ही वाचकांना थोडा वेळ दूरदेशीं, अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या तीरीं घेऊन जाणार आहों. गोष्ट खेळाची आहे. सेमिनरींत असतांना सायंकाळचा फुटबॉल आमच्याही दिनक्रमांत होता, त्यामुळें हा विषय निवडतांना आम्हांला संकोच वाटला नाहीं.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या तरुणांचा फुटबॉल नव्हे. त्यांत लांबट चेंडू हातीं धरून प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे न्यावयाचा असतो. पूर्वीं तो पुढें फेकण्यास सक्त मनाई होती. मग उपाय एकच उरे. सर्वांनीं एकजुटीनें समोरच्या रांगेवर तुटून पडावें आणि वाट काढावी. त्या रेटारेटींत कोणाची मान मोडे, कोणाचें डोकें फुटे. 1905 च्या एकाच हंगामांत किमान 18 तरुण प्राणांस मुकले. शिकावयास धाडलेला मुलगा शवपेटींतून घरीं परत यावा, याहून मोठें दुःख आईबापांस कोणतें?

देशभर हाहाकार उडाला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं ऑक्टोबर 1905 मध्यें हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या तीन मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळांत सुधारणा करण्याविषयीं बजाविलें. कोलंबिया विद्यापीठानें तर खेळच बंद केला. अखेर 1906 सालीं नियम बदलले. तीन प्रयत्नांत पांच यार्डांऐवजीं दहा यार्ड पुढें जाण्याची अट आली, आणि चेंडू पुढें फेकण्याची मुभा मिळाली. खेळ मैदानभर पसरावा व माणसांचा ढीग कमी व्हावा, हा त्यांतील हेतु. पण या मुभेला एक कांटा होता. फेकलेला चेंडू कोणाच्याही हातास न लागतां भूमीवर पडला, तर तो प्रतिपक्षाच्या स्वाधीन होई. एवढी जोखीम कोण घेणार? बहुतेक नामांकित संघांनीं नवा नियम वाचला आणि जुनाच खेळ पुढें चालविला.

सेंट लुईस येथील विद्यापीठ 1818 सालीं बिशप ड्युबूर्ग यांनीं स्थापिलेल्या शाळेंतून वाढलें, आणि लवकरच तें येशूसंघीय धर्मगुरूंच्या हातीं आलें. विद्येच्या क्षेत्रांत त्याचा लौकिक होता. फुटबॉलच्या मैदानावर मात्र त्याला पूर्वेकडील कोणी ओळखीत नव्हतें. 1906 सालीं एडी कोकेम्स हे तेथें कोच म्हणून आले. नव्या नियमांत खेळाचें भवितव्य आहे, असें त्यांनीं ताडलें. त्यांनीं अधिकाऱ्यांची परवानगी काढली आणि उन्हाळ्यांत आपला संघ विस्कॉन्सिन प्रांतीं, लेक ब्यूला या सरोवराकांठच्या येशूसंघीयांच्या शांत निवासस्थानीं नेला. चेंडू कसा फेकावा, एवढ्याच एका गोष्टीचा तेथें अभ्यास झाला. त्या काळचा चेंडू आजच्यापेक्षां फुगीर. हातांत नीट बसत नसे. त्याच्या शिवणीवरील दोरीवर बोटें टेकवून तो गरगर फिरत जाईल असा फेकला, तर सरळ व लांब जातो, हें पुनःपुन्हा करून त्यांनीं पक्कें केलें. संघांत वैद्यकीचा एक विद्यार्थी होता, ब्रॅडबरी रॉबिन्सन. फेकण्याचें काम मुख्यतः त्याच्याकडे आलें.

5 सप्टेंबर 1906 रोजीं विस्कॉन्सिनमधील वॉकेशा गांवीं कॅरल कॉलेजशीं सामना झाला. रॉबिन्सननें पहिला चेंडू फेकला, तो कोणाच्याही हातीं न येतां जमिनीवर पडला, आणि नियमाप्रमाणें प्रतिपक्षास मिळाला! उन्हाळ्याभराच्या श्रमांचें पहिलें फळ हें असें. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. तेथेंच जुन्या मार्गाकडे वळणें किती सोपें होतें! पण त्याच सामन्यांत रॉबिन्सननें पुन्हा चेंडू फेकला. सुमारें वीस यार्डांवर जॅक श्नायडरनें तो झेलला आणि सीमारेषा ओलांडली. सामना 22-0 असा जिंकला गेला. कायदेशीर रीतीनें पुढें फेकलेला व झेलला गेलेला पहिला चेंडू तो हाच, असें इतिहासकार मानतात.

पुढील हंगाम एखाद्या विजययात्रेसारखा झाला. कॅन्सस विद्यापीठाचा 34-2 असा, तर नोव्हेंबरांतील आभारदिनीं आयोवा विद्यापीठाचा 39-0 असा पराभव झाला. एकूण अकरा सामने झाले आणि अकराही जिंकले. स्वतःचे गुण 407, प्रतिपक्षांचे सर्व मिळून 11.

इतकें होऊनही मोठ्या संघांनीं या विद्येकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. जुनी रेटारेटी चालूच राहिली, आणि 1909 सालीं पुन्हा अनेक तरुण दगावले. तेव्हां कुठें नियम आणखी बदलले. 1 नोव्हेंबर 1913 रोजीं नोत्र दाम या दुसऱ्या कॅथलिक विद्यापीठानें वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयास 35-13 असें हरविलें. गस डोरे चेंडू फेकी व न्यूट रॉकनी झेली. हा सामना पूर्वेकडील वृत्तपत्रांच्या डोळ्यांदेखत झाला, म्हणून या विद्येचें श्रेय पुष्कळांनीं त्यांनाच दिलें. रॉकनी यांचा मोठेपणा असा कीं, पुढें कीर्तीच्या शिखरावर असतांना त्यांनीं स्वतःच सेंट लुईसच्या त्या मुलांचा मान त्यांना परत दिला.

रॉबिन्सन पुढें डॉक्टर झाला आणि मिशिगन प्रांतीं सेंट लुईस याच नांवाच्या छोट्या शहरीं राहिला. डी. डी. टी. या कीटकनाशकाचा जगभर उदोउदो चालला असतां, 1947 च्या सुमारास त्यानें त्याच्या धोक्याविषयीं इशारा दिला. 1949 सालीं तो निवर्तला. त्याच्या देशानें शेतीवरील त्या औषधास बंदी केली ती 1972 सालीं. लवकर ओळखणें आणि लोकांनीं उशिरा ऐकणें, हें त्याच्या वांट्यास दोनदां आलें.

वाचकहो, महोत्सवाच्या प्रसंगीं ज्यांचीं नांवें दगडावर कोरलेलीं असतात, त्यांचें स्मरण आपण करतोंच. पण त्यांच्याही आधीं कोणी तरी पहिला चेंडू फेकलेला असतो. तो भूमीवर पडलेला असतो. आणि त्यानें तो पुन्हा उचललेला असतो. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस विचारा. अशीं दोनचार नांवें त्यांना खचित आठवतील. तीं आजच लिहून ठेवा.