हवा धरलेले इंजिन : जुन्या डिझेल गाडीच्या निदानाची परंपरा

जुनी डिझेल मोटार चालता चालता एकाएकी बंद पडली की जाणता मिस्त्री आधी इंधनाचा माग काढतो, आणि या सवयीचे मूळ थेट रुडॉल्फ डिझेल यांच्या कल्पनेपर्यंत जाते. १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरलेल्या त्यांच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नव्हता. सिलिंडरमधील हवा इतकी दाबायची की ती तापून तिच्यात सोडलेले इंधन आपोआप पेटावे, हे त्याचे तत्त्व होते. अशा इंजिनाला दाब आणि वेळेवर मिळणारे इंधन या दोनच गोष्टी मुख्यतः लागतात, आणि त्यांपैकी दाब सहसा क्षणात जात नाही. पिस्टनच्या रिंगा व लायनर झिजत जाऊन तो वर्षानुवर्षे घटतो. म्हणूनच टायमिंग पट्टा तुटण्यासारखा प्रसंग वगळला, तर अचानक थांबलेल्या डिझेल इंजिनाचा दोष बहुधा टाकी ते इंधन फवारणारे नोझल या वाटेवरच सापडतो.

ही वाट आज ओळखू येते त्या रूपात घडली ती रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात. डिझेल यांच्या मूळ इंजिनात इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा वापरली जाई आणि त्यासाठी लागणारा अवजड कंप्रेसर मोटारीत मावणे शक्य नव्हते. बॉश यांनी १९२२ मध्ये इंधन-पंपाचे काम हाती घेतले, १९२७ मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि १९३६ मध्ये मर्सिडीझ २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आली. या पंपातील दट्ट्या, म्हणजे प्लंजर, आणि त्याची नळी यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते व तिला वंगण मिळते ते डिझेलचेच, त्यामुळे पाणी आणि कचरा हे पंपाचे हाडवैरी ठरले. हवेचा त्रास निराळा आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा शिरला की दट्ट्याचा सगळा जोर तो बुडबुडा आवळण्यात खर्ची पडतो, नोझलची सुई उचलली जात नाही आणि इंजिन थांबते.

महाराष्ट्रात हे ज्ञान मोटारीच्या आधी विहिरीवर पोहोचले होते. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या खडकी येथील कारखान्यातून निघालेली इंजिने शेतावर पाणी उपसू लागली आणि हँडल मारून चालू होणाऱ्या, बॅटरीचे नावही नसलेल्या या इंजिनांवर गावोगावच्या मिस्त्र्यांचा हात बसला. ‘इंजिनाने हवा धरली’ हे निदान शेतकऱ्यालाही कळे. पुढे मॅटाडोर, प्यूजोच्या परवान्यावर बनलेल्या इंजिनाची महिंद्र जीप, १९८०च्या सुमाराची डिझेल अँबेसडर आणि १९९८ची इंडिका अशा गाड्या रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीची विद्या बऱ्याच अंशी तयार होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

या विद्येतील मुख्य कृती, म्हणजे इंधनाच्या वाटेतील हवा काढणे, जवळून पाहण्याजोगी आहे. फिल्टरवरचा बोल्ट सैल करून इंधन पुढे ढकलणाऱ्या हातपंपाची गुंडी दाबत राहिले की आधी पांढरा फेस फुसफुसत बाहेर येतो, मग बुडबुडे विरळ होतात आणि अखेर डिझेलची अखंड धार लागते. तेवढ्यात बोल्ट आवळायचा. त्यानंतर नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट अर्धा फेरा सोडून स्टार्टर मारायचा, आणि तेथून डिझेलचे ठोके उडू लागले की पंपापर्यंतची वाट निर्दोष समजायची. धूरही साक्ष देतो. स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून पांढरट धूर आला, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही. धूरच नसेल, तर ते वाटेतच अडले आहे.

रोटरी पंप, म्हणजे एकाच दट्ट्याने सर्व सिलिंडरना पाळीपाळीने इंधन वाटणारा पंप, छोट्या गाड्यांत आला आणि या निदानात विजेचा प्रवेश झाला. जुन्या जीपमध्ये दांडी ओढून इंजिन बंद करावे लागे. रोटरी पंपावर ते काम सोलेनॉइडकडे, म्हणजे विजेने उघडणाऱ्या झडपेकडे गेले. तिची तार निसटली की गाडी किल्ली फिरवल्यासारखी तत्क्षणी बंद पडते, तर हवा धरलेले इंजिन बहुधा आधी हिसके देते. थांबण्याच्या या तऱ्हेवरूनच अनुभवी कारागीर अर्धे निदान करतो आणि बॅटरीवरून तार आणून झडपेला लावतो. ‘टक्’ असा आवाज आला, तर झडप शाबूत आहे आणि दोष वायरिंगमध्ये शोधायचा.

१९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मधून कॉमन रेल पद्धत मोटारींत आली व पुढील दशकात ती भारतात रुळली. तीत सर्व नोझलना एकाच नळीत साठवलेले, हजार बारहून अधिक दाबाचे इंधन मिळते. चालत्या इंजिनावर या नळीचा नट सैल केला, तर निघणारी धार कातडी भेदून आत शिरू शकते, म्हणून जुन्या पद्धतीतील सर्वांत भरवशाची चाचणी येथे निषिद्ध ठरली आणि निदान स्कॅनरकडे गेले. जुन्या जीप आणि मॅटाडोर यांच्या पंपांना मात्र स्कॅनर जोडण्याची सोयच नाही. तेथे आजही फेस सरून धार लागेपर्यंत हातपंपाची गुंडी दाबावी लागते.