डेडनेमिंग

डेडनेमिंग : पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीने सोडून दिलेल्या नावाने तिला हाक मारणे किंवा तिचा उल्लेख करणे. सवयीने जुने नाव तोंडातून निघून जाणे वेगळे आणि सांगूनही तेच नाव वापरत राहणे वेगळे. आक्षेप आहे तो दुसऱ्या प्रकाराला. जुने नाव ही खरीच माहिती आहे, ती सांगण्यात गैर काय, असे विचारले जाते. पण हजेरी घेताना किंवा दवाखान्यात नंबर पुकारताना ते नाव उच्चारले की ती व्यक्ती पारलिंगी असल्याचे तिच्या संमतीवाचून चारचौघांत उघड होते. हेटाळणी, हातची नोकरी जाणे, भाड्याचे घर न मिळणे हे पुढचे सारे तिलाच भोगावे लागते. स्टीफन रसेल व सहकाऱ्यांच्या 2018 मधील अमेरिकी अभ्यासात 15 ते 21 वयोगटातील 129 जण होते. घर, शाळा, नोकरी आणि मित्रमंडळ यांपैकी आणखी एका ठिकाणी स्वतः निवडलेले नाव वापरता आले, तर आत्महत्येचे विचार 29 टक्क्यांनी कमी आढळले. नमुना लहान आहे आणि एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी एकूण सामाजिक आधार हिशेबात धरूनही हा संबंध टिकला, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019 च्या कायद्याने ओळख प्रमाणपत्राच्या आधारे जन्मदाखल्यात व इतर सरकारी कागदपत्रांत पहिले नाव बदलण्याची तरतूद केली. पदवी, सातबारा, बँकखाते यांसाठी दोन्ही नावांचा दुवा लागतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो दुवा दप्तरात पुरतो, त्यासाठी माणसाला जुन्या नावाने पुकारावे लागत नाही. नवे नाव जिभेवर बसत नाही, ही सबब महाराष्ट्रात तरी टिकणारी नाही. लग्नात सुनेचे पहिले नाव बदलण्याची प्रथा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालली, अनेकदा तिला न विचारता, आणि सासरच्यांनी पहिल्या दिवसापासून नव्या नावाने हाक मारली. हिजडा समाजात गुरूने चेल्याला दिलेले नावही असेच रुळते. आईवडिलांनी हौसेने ठेवलेले नाव सुटताना त्यांना होणारे दुःख खरे असते, पण त्या दुःखातून दुसऱ्याच्या ओळखीवर हक्क निर्माण होत नाही. राहिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न. तिथेही हेतू आणि चूक यांत फरक करता येतो. जर्मनीत 1 नोव्हेंबर 2024 पासून लागू झालेल्या कायद्यात संमतीशिवाय पूर्वीचे नाव उघड करून हेतुपुरस्सर इजा पोहोचवणाऱ्यास 10,000 युरोपर्यंत दंड आहे; नजरचुकीला तो लागू होत नाही.