उडीमागून उडी

श्रोतेहो, बर्फ म्हटला म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांना सरबताचा पेला आठवतो. पायांत पोलादी पातीं चढवून बर्फावर नाचणारीं माणसें आपण पाहिलीं तीं पडद्यावर. आपल्या देशांत सिमल्याला १९२० सालीं या खेळाचा क्लब निघाला, आणि थंडीनें आपोआप गोठणाऱ्या पाण्यावर, उघड्या आकाशाखालीं तो तेथें रुजला. परंतु पुण्या-मुंबईच्या घरांत या खेळाची ओळख दूरचीच. म्हणून आज मी त्यांतील एकच लहानसा प्रश्न घेणार आहें. ज्यानें चाळिशी उलटल्यावर प्रथम या पात्यांवर पाय ठेवला, त्यानें आपल्या पहिल्या दोन मिनिटांच्या कार्यक्रमांत कोणत्या उडीला कोणती उडी जोडावी? प्रश्न लहान दिसतो. पण त्याच्या उत्तरांत जवळजवळ दीडशें वर्षांचा इतिहास सांठलेला आहे, आणि उत्तर चुकलें तर मनगट किंवा घोटा मोडण्याचा प्रसंग येतो.

या खेळाला 'फिगर स्केटिंग' म्हणतात तें बर्फावर पात्यानें कोरावयाच्या आकृतींवरून. पात्याच्या तळाला लांबट खोबण असते. तिच्यामुळें पात्याला दोन धारा येतात. एक पायाच्या आंतल्या अंगाची, दुसरी बाहेरल्या अंगाची. खेळाडू बहुधा या नाहीं तर त्या धारेवर कललेला असतो, आणि ती धार त्याला वळणावर नेते. जुन्या काळीं सारें कौशल्य या वळणांत होतें. एकच आकृति त्याच रेषेवरून पुनःपुन्हा गिरवावयाची, जणूं पाटीवरचा कित्ताच. पुढें अमेरिकेंतील जॅक्सन हेन्स नांवाचा नर्तक १८६० नंतरच्या दशकांत युरोपांत आला व व्हिएन्ना शहरांत त्यानें वाद्यांच्या तालावर बर्फावर नृत्य करून दाखविलें. पातें बुटाला स्क्रूनें कायमचें जोडण्याची युक्तीहि त्याचीच म्हणून सांगतात. पट्ट्यांनीं बांधलेलें पातें धक्क्यासरशीं सैल होतें. स्क्रूनें आवळलेलें पातें पायाचाच भाग होऊन राहतें. उडी मारणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती?

त्याच व्हिएन्नांत १८८२ सालीं एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. तींत नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सेननें तोंड पुढें ठेवून उडी घेतली, हवेंत दीड फेरा पुरा केला आणि तो पाठमोरा उतरला. आणि हें सर्व त्यानें केलें शर्यतीच्या लांब पात्यांवर! स्पर्धेंत त्याचा क्रमांक तिसरा लागला. पहिल्या दोघांचीं नांवें आज अभ्यासकांनाच ठाऊक आहेत. 'अ‍ॅक्सेल' हें नांव मात्र खेळ शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडीं आहे. पुढें १९०९ मध्यें स्वीडनच्या उल्रिक साल्कोनें, १९१० मध्यें जर्मनीच्या वेर्नर रिटबर्गरनें व १९१३ मध्यें ऑस्ट्रियाच्या आलोइस लुट्झनें आपापल्या उड्या पुढें आणल्या. रिटबर्गरच्या उडीला इंग्रजी बोलणारे लोक 'लूप' म्हणतात. 'टो लूप' या उडीचें श्रेय अमेरिकेच्या ब्रूस मेप्सला देतात. तो काळ १९२० नंतरच्या दशकाचा. यांत 'फ्लिप' मिळविली म्हणजे आजच्या सहा मुख्य उड्या पुऱ्या होतात.

या मंडळींचीं वयें पाहण्यासारखीं आहेत. सगळेच प्रौढ होते असें नव्हे. रिटबर्गर विशीच्या आंतला होता. परंतु साल्कोनें आपली उडी दाखविली तेव्हां तो बत्तिशीला आलेला होता, आणि १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकमध्यें बेचाळिसाव्या वर्षीं उतरून तो चौथा आला. त्याच ठिकाणीं जोडीनें खेळण्याचें सुवर्णपदक फिनलंडच्या याकोब्सन दांपत्यानें मिळविलें. पत्नी पस्तीस वर्षांची, पति अडतीस वर्षांचा. त्यापूर्वीं १९०८ सालीं लंडनला एडगर सायर्स यानें पत्नीसह कांस्यपदक घेतलें तेव्हां त्याचें वय पंचेचाळीस होतें. बर्फ हें केवळ पोरवयाचें अंगण आहे ही समजूत पुढल्या काळांतली. उड्यांचे फेरे दोनाचे तीन व तिनाचे चार झाले तसें तें अंगण लहान वयाकडे सरकलें.

उडी कोणी मारावी याविषयींचा आणखी एक वाद येथें सांगितला पाहिजे. अँटवर्पलाच अमेरिकेच्या थेरेसा वेल्ड या सव्वीस वर्षांच्या स्त्रीनें आपल्या कार्यक्रमांत साल्को उडी घेतली. परीक्षकांनीं तिला ठपका दिला. असें उडणें स्त्रीला शोभत नाहीं, असें त्यांचें म्हणणें! तरीहि तिला कांस्यपदक मिळालें. सोळा वर्षांनीं, १९३६ मध्यें, इंग्लंडच्या सेसिलिया कॉलेजनें स्पर्धेंत दोन फेऱ्यांची उडी घेतली, आणि तेव्हांपासून शोभेचा प्रश्न मागें पडत गेला. 'हें तुमचें काम नव्हे' हें वाक्य एकदां स्त्रियांना ऐकावें लागलें; तेंच पुढें चाळिशीच्या माणसांना ऐकावें लागलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एका उडीला लागूनच दुसरी उडी घेणें, मध्यें पाऊल किंवा वळण न घेतां, याला आपण जोडउडी म्हणूं. बहुतेक खेळाडू हवेंत डावीकडे फिरतात. उजवीकडे फिरणाऱ्यानें पुढील वर्णनांत डाव्याचें उजवें करून घ्यावें. डावीकडे फिरणारा या सहांपैकीं कोणतीहि उडी घेवो, तो उतरतो उजव्या पायावर, पाठमोरा, बाहेरल्या धारेवर. अर्थात् दुसरी उडी त्याच पायावरून व त्याच धारेवरून निघाली पाहिजे. सहांपैकीं अशा उड्या दोनच: टो लूप आणि लूप. साल्को व फ्लिप निघतात डाव्या पायाच्या आंतल्या धारेवरून, लुट्झ डाव्याच पायाच्या बाहेरल्या धारेवरून, आणि अ‍ॅक्सेलला तर तोंड पुढें हवें. म्हणजे जोडउडीच्या दुसऱ्या जागेसाठीं निवड करावयाची ती मुख्यतः दोहोंमधूनच. तिसरी एक वाट आहे: मध्यें अर्धी लूप घालावयाची, जी खेळाडूला डाव्या पायाच्या आंतल्या धारेवर उतरविते, आणि तेथून साल्को किंवा फ्लिप घ्यावयाची. या मधल्या उडीला २०१८ पासून नियमांत 'ऑयलर' असें नांव आहे.

मग टो लूप कीं लूप? टो लूपमध्यें मोकळ्या डाव्या पायाच्या पात्याचे पुढचे दांते बर्फांत रोवून त्यांच्या आधारानें वर जातां येतें; ओढा उडी मारतांना हातांतल्या काठीचा आधार घ्यावा तसें. लूपला असा आधार नाहीं. ज्या पायानें नुकताच सगळ्या देहाचा भार झेलला, त्याच पायाला तत्काळ पुन्हा उसळावें लागतें. शिवाय उतरल्यावर डावा पाय मागें लांबविण्याची जी संवय मोठ्या कष्टानें लागलेली असते ती मोडून तो पुढेंच ठेवावा लागतो. वीस वर्षांच्या गुडघ्याला हें जमतें. पंचेचाळीस वर्षांचा गुडघा आधीं विचार करतो, आणि तेवढ्यांत वेळ निघून जाते. गुणांचा हिशेब मांडला तर एकेरी टो लूपला ०.४० व लूपला ०.५० गुण आहेत. हा एक दशांश मिळविण्यासाठीं नवशिका लूप जोडतो, आणि दुसरा पाय बर्फावर टेकून त्याहून अधिक गमावून बसतो.

राहिली पहिली उडी. नवशिक्यांची चूक बहुधा येथेंच होते. आपल्याला येणाऱ्या उड्यांतली सर्वांत अवघड तीच पहिली घ्यावी, असा मोह पडतो. परंतु अवघड उडीवरून माणूस कसाबसा उतरतो. खांदे फिरतच राहतात, गति मरते, धार डळमळते, आणि दुसऱ्या उडीला उभें राहावयास जमीनच उरत नाहीं. म्हणून पहिली उडी निवडावी ती तिच्या उतरण्यावरून. तोंड पुढें ठेवून घ्यावयाची अर्ध्या फेऱ्याची उडी, जिला वॉल्ट्झ उडी म्हणतात, ती आणि तिच्यामागून टो लूप, ही पहिली जोड. ती स्थिर झाली म्हणजे साल्को व टो लूप. त्यानंतर वॉल्ट्झ, ऑयलर आणि साल्को अशी तिहेरी माळ. लूपमागून लूप घ्यावी ती गुडघा न विचारतां वाकूं लागल्यावर. आणि जोडउडी कार्यक्रमाच्या आरंभाकडे ठेवावी. शेवटच्या अर्ध्या मिनिटांत प्रौढाच्या मांड्या त्याच्या राहत नाहींत.

कोणी म्हणेल, ही तर भित्र्यांची निवड झाली. तसें नाहीं. कॅनडाच्या एल्व्हिस स्टॉयकोनें १९९१ सालीं म्यूनिकच्या जागतिक स्पर्धेंत चार फेऱ्यांच्या उडीला प्रथमच दोन फेऱ्यांची उडी जोडली, आणि १९९७ मध्यें हॅमिल्टनला चारांमागून तीन फेऱ्यांची. दोन्ही वेळां त्यानें जोडलेली दुसरी उडी होती टो लूप. नवशिका गृहस्थ आणि जगज्जेता यांच्यामध्यें फेऱ्यांचें अंतर आहे. वाट तीच आहे.

अशा गृहस्थांना, आणि गृहिणींनाहि, आतां स्वतःच्या स्पर्धा मिळाल्या आहेत. अमेरिकेंत प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९९५ सालीं डेलावेअर राज्यांतील विल्मिंग्टनला भरली, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेची पहिली प्रौढ स्पर्धा २००५ सालीं जर्मनींतील ओबर्सडॉर्फ या डोंगरी गांवीं झाली. तेथें वयाचे गट पाडलेले असतात आणि खालच्या श्रेणींत दुहेरी उड्यांना बंदी असते. ही बंदी अपमानाची नव्हे. एकेरी उडी नीट उतरणें हीहि विद्याच आहे, हें तींत मान्य केलेलें आहे. सत्तरीचीं माणसें तेथें हात जोडून नव्हे, हात पसरून बर्फावर येतात.

श्रोतेहो, आपल्यापैकीं फारच थोडे कधीं त्या बर्फावर उतरतील. परंतु उतारवयांत नवें कांहीं शिकावयास बसलेलीं माणसें प्रत्येक घरांत असतात. कोणी पेटी काढतो, कोणी पोहावयास जातो. पहिल्याच पावलाला मोठी झेंप घेऊन ते थकतात आणि म्हणतात, आतां वय राहिलें नाहीं. अशा वेळीं त्यांना साल्कोचें वय सांगावें. आणि हेंहि सांगावें कीं पहिली उडी तीच घ्यावी, जिच्यावरून उतरल्यावर दुसरी घेण्याइतका तोल आपल्यापाशीं उरेल.