पुरात अडकलेली सनद

या वीकेंडला कोडबद्दल काही नाही. आजचा विषय आहे वकिलांची सनद, एक चक्रीवादळ आणि त्या दोघांमुळे जन्माला आलेला एक नियम. (आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही, साधा इंजिनिअर आहे. पण नियम कसे लिहितात आणि ते नेमके कुठे फुटतात हे बघायला मला मजा येते, मग तो नियम मशीनसाठी असो की माणसांसाठी.)

प्रश्न तसा साधा आहे. समजा तुम्ही वकील आहात. तुमचं ऑफिस पाण्याखाली गेलं, कोर्ट पाण्याखाली गेलं, अशील कुठेकुठे पांगले काही पत्ता नाही. तुम्ही बायकापोरांना घेऊन शेजारच्या राज्यात मेव्हण्याकडे येऊन राहिलात. फोन चालू आहे, लॅपटॉप चालू आहे. एका अशिलाचा फोन येतो, "साहेब, माझ्या केसचं काय झालं?" आणि तुम्ही मेव्हण्याच्या डायनिंग टेबलवर बसून त्याला सल्ला देता.

तुम्ही आत्ता नियम मोडलात का?

आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडणारही नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे सनद राज्याची बार कौन्सिल देते, पण कलम ३० म्हणतं की सनद असलेल्या वकिलाला भारतभर वकिली करायचा हक्क आहे. (गंमत म्हणजे कायदा १९६१ चा, पण हे कलम लागू व्हायला १५ जून २०११ उजाडावा लागला. तब्बल पन्नास वर्षं!) हायकोर्टं आपापले नियम करू शकतात. अलाहाबाद हायकोर्टात बाहेरच्या वकिलाला सोबत तिथला वकील घ्यावा लागतो, आणि सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये तो नियम योग्यच ठरवला. पण कोल्हापूरच्या वकिलाने बेळगावला बसून अशिलाशी फोनवर बोलणं यात कुणाला काही वावगं वाटणार नाही.

अमेरिकेत मात्र मामला वेगळा आहे. पन्नास राज्यं, प्रत्येकाची वेगळी सनद. सनद कुणाला द्यायची, कुणाची काढून घ्यायची याचा शेवटचा शब्द साधारणपणे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. एका राज्याची सनद शेजारच्या राज्यात आपोआप चालत नाही. तिथे विनासनद वकिली केली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, बऱ्याच राज्यांत तो चक्क गुन्हा आहे.

आणि हे नुसतं कागदावर नाही बरं का. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बरब्राउअर नावाच्या न्यूयॉर्कच्या वकिली फर्मला असा दणका दिला की देशभरचे वकील हादरले. प्रकरण आमच्या लायनीतलंच होतं, सॉफ्टवेअर बनवण्याच्या आणि विकण्याच्या कराराचं भांडण, समोर टँडम कॉम्प्युटर्स. न्यूयॉर्कचे वकील कॅलिफोर्नियात आले, बैठका घेतल्या, तडजोड करून दिली. पुढे अशिलाशीच वाजलं आणि दहा लाख डॉलरहून जास्त फीचा प्रश्न कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, तुमच्याकडे इथली सनद नाही, तेव्हा इथे केलेल्या कामाची फी मिळणार नाही. वर असंही म्हटलं की राज्यात पाऊल न ठेवता फोन, फॅक्स किंवा कॉम्प्युटरवरून केलेलं कामसुद्धा 'राज्यात केलेली वकिली' ठरू शकतं!

त्यानंतर २००२ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने आपल्या नमुना नियमांत थोडी ढील दिली. ही वकिलांची खाजगी संघटना. ती नियमांचे नमुने लिहिते, ते स्वीकारायचे की नाही हे प्रत्येक राज्याचं कोर्ट ठरवतं. नव्या नमुन्यात परराज्यातल्या वकिलाला तात्पुरत्या कामापुरती काही मोकळीक होती. पण परराज्यात ऑफिस थाटून महिनोन् महिने बसायला नव्हती.

आणि मग आलं २००५.

त्या वर्षीचा २६ जुलै आपण कुणीच विसरलेलो नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, तरी टीव्हीवरचं ते पाणी लख्ख आठवतं. त्यानंतर जेमतेम महिन्याने, २९ ऑगस्टला, कॅटरिना हे चक्रीवादळ लुईझियानाच्या किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लिन्सला पुरापासून वाचवणारे बांध आणि भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मुंबईचं पाणी काही दिवसांत ओसरलं. तिथे ते आठवडेच्या आठवडे उपसावं लागलं. अख्खं शहर रिकामं केलं.

आता या शहराकडे वकिलांच्या नजरेने बघा. राज्याचं सर्वोच्च न्यायालय न्यू ऑर्लिन्सलाच, त्याला बॅटन रूजहून काम चालवावं लागलं. फौजदारी कोर्टाच्या इमारतीत मुद्देमाल तळघरात ठेवलेला होता, तिथे पाणी शिरलं. (तळघरात! आणि शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली!) त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे राज्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश वकिलांचं ऑफिस, फायली, कॉम्प्युटर असं सगळं गेलं होतं. बॅकअप असलाच तर तोही त्याच इमारतीत. हे वकील ह्यूस्टन, अटलांटा, मेम्फिस असे मिळेल तिकडे गेले, आणि त्यांचे अशीलही.

सगळ्यात आधी थांबवावं लागलं ते घड्याळ. दावा दाखल करायची मुदत पुरामुळे थांबत नाही. ती एकदा उलटली की हक्कच गेला. गव्हर्नर कॅथलीन ब्लॅंको यांनी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आदेश काढून २९ ऑगस्टपासूनच्या कायदेशीर मुदती स्थगित केल्या. पण गव्हर्नरला असा अधिकार आहे का, ही शंका उरतेच. म्हणून नोव्हेंबरच्या खास अधिवेशनात विधिमंडळाने त्यावर कायद्याचा शिक्का मारला.

दुसरी अडचण न्यायाधीशांची. केंद्रीय कोर्टांना आपल्या हद्दीबाहेर बसून काम चालवायची मुभाच नव्हती. म्हणजे न्यायाधीश शाबूत, बसायला शेजारच्या जिल्ह्यात खोली तयार, पण तिथे चालवलेलं काम कायद्यात बसेना. काँग्रेसने घाईघाईने कायदा केला आणि ९ सप्टेंबर २००५ ला त्यावर सही झाली. अकरा दिवसांत!

तिसरी अडचण सनदेची. टेक्साससह अनेक राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी तातडीचे आदेश काढून विस्थापित वकिलांना तात्पुरतं काम करायची परवानगी दिली. प्रत्येक राज्याने आपल्या पद्धतीने, आपल्या अटींनी. आमच्या भाषेत सांगायचं तर रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर मारलेले पॅच. गरज भागली, पण पुढच्या वादळाला परत पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून बार असोसिएशनने एक नमुना नियम लिहायला घेतला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो मंजूर केला. लोक त्याला 'कॅटरिना रूल' म्हणतात. मला तो आवडतो, कारण तो दोन वेगळे प्रश्न वेगळे ठेवतो.

पहिला, बाहेर पडणाऱ्या वकिलांचा. आपत्तीग्रस्त राज्यातला वकील दुसऱ्या राज्यात तात्पुरतं बस्तान मांडून काम करू शकतो, पण ते काम त्याच्या मूळ राज्यातल्या वकिलीशी निगडित हवं. थोडक्यात, ह्यूस्टनला बसून लुईझियानाची कामं करा, ह्यूस्टनकरांचे घटस्फोट लावायला घेऊ नका. ही अट नुसती स्थानिक वकिलांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून नाही. लुईझियानाचा दिवाणी कायदा फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा आहे, बाकी राज्यांचा इंग्रजी वळणाचा. तिथला निष्णात वकील टेक्साससाठी खरोखरच नवशिका असू शकतो.

दुसरा, आत येणाऱ्या वकिलांचा. बाहेरच्या राज्यातले वकील पूरग्रस्तांना मदत करायला येऊ शकतात, पण फी न घेता आणि एखाद्या ना-नफा कायदेविषयक मदत संस्थेमार्फत, तिच्या देखरेखीखाली. ही अट का, ते सांगायला नको. आपत्ती आली की मदत करणाऱ्यांच्या पाठोपाठ नुकसानभरपाईच्या टक्क्यांवर डोळा ठेवून येणारेही असतातच.

बाकीच्या अटी दोघांनाही. तीस दिवसांच्या आत कोर्टाकडे नोंदणी करायची. आपली सनद कुठली आहे हे अशिलाला सांगायचं. त्या राज्याची शिस्त मान्य करायची. नुसत्या या नियमावर कोर्टात उभं राहता येत नाही, त्याला वेगळी परवानगी लागते. आणि हे सगळं सुरू कधी होतं? राज्याचं सर्वोच्च न्यायालय 'आपत्ती आली आहे' असं जाहीर करतं तेव्हा. संपतं कधी? तेच न्यायालय 'आता संपली' म्हणतं तेव्हा. विस्थापित वकिलांना त्यानंतर साठ दिवस मिळतात. फुकट मदत करणाऱ्यांना हातातली कामं पुरी करता येतात, नवीन घ्यायची नाहीत.

तात्पुरती गोष्ट संपणार कशी, हे तिच्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवणं किती दुर्मिळ आहे, हे कुणाही प्रोग्रामरला विचारा! 'सध्यापुरतं' म्हणून टाकलेला कोड दहा-दहा वर्षं चालतो, आणि 'सध्यापुरते' काढलेले सरकारी आदेशही.

पण इथपर्यंत वाचून सगळं कसं छान झालं असं वाटत असेल, तर थांबा.

वादळाच्या दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात सहा हजारांवर कैदी होते. त्यात बरेचसे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. त्यांना राज्यभरच्या तुरुंगांत पांगवलं गेलं. बहुतेक गरीब, त्यामुळे वकील सरकारी खर्चाने मिळणारा. त्या वकिलांचा पगार यायचा कुठून? मुख्यतः ट्रॅफिकच्या दंडातून! शहरात गाड्याच उरल्या नाहीत, दंड थांबला, आणि सरकारी बचाव वकिलांपैकी बहुतेकांना कामावरून कमी करावं लागलं. माणसं महिनोन् महिने वकिलाचं तोंडही न बघता आत राहिली. किरकोळ गुन्ह्यात जितकी शिक्षा झाली असती, तिच्याहून जास्त दिवस आत काढलेलेही होते. या फुकट गेलेल्या दिवसांना तिथे 'कॅटरिना टाइम' असं नावच पडलं. देशभरातून कायद्याचे विद्यार्थी आले आणि त्यांनी कोण कुठल्या तुरुंगात आहे याच्या याद्या करायला हात लावला. आर्थर हंटर या न्यायाधीशांनी तर बचावाला वकील नाही म्हणून काही खटले थांबवायचे आदेश दिले. सरकारी वकिलांच्या व्यवस्थेला राज्य पातळीवरचा नवा कायदा मिळाला तो २००७ मध्ये.

आता या तारखा शेजारी शेजारी ठेवा. न्यायाधीशांना हद्दीबाहेर बसायची परवानगी : अकरा दिवस. वकिलांना परराज्यात बसायची परवानगी : काही आठवडे. तुरुंगातल्या माणसाला वकील : महिने, काहींना वर्षाच्या वर. यात कुणी दुष्ट होतं असं मी म्हणत नाही. पण ज्याला कोर्टाचा फोन नंबर पाठ होता त्याचं काम आधी झालं. सनदेचा नियम बदलायला एक आदेश पुरला, आणि आदेश काढणारे व मागणारे एकाच बिरादरीतले होते. कैद्याच्या वकिलासाठी पैसे लागत होते, आणि ते मागायला त्याच्याकडे वकीलच नव्हता.

नियमाचं पुढे काय झालं? काही राज्यांनी तो जसाच्या तसा घेतला, काहींनी बदलून, काहींनी घेतलाच नाही. २०१७ मध्ये हार्वी वादळाने टेक्सासलाच बुडवलं, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परराज्यातल्या वकिलांना तात्पुरती दारं उघडली. बारा वर्षांपूर्वी आसरा देणारं राज्य आता स्वतः मदत मागत होतं.

आणि २०२० मध्ये अख्खं जगच आपापल्या डायनिंग टेबलवर येऊन बसलं. आपल्या सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० पासून मुदतीचं घड्याळ थांबवलं, आणि २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मोजायचा नाही असं ठरलं. लुईझियानाने जे एका राज्यापुरतं केलं, तेच देशभर. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने मत दिलं की वकील शारीरिकदृष्ट्या दुसऱ्या राज्यात बसून आपल्या सनदेच्या राज्याचं काम करत असेल, त्या राज्याची मनाई नसेल आणि तो तिथला वकील असल्याची पाटी लावत नसेल, तर हरकत नाही. म्हणजे मेव्हण्याच्या टेबलवरचा तो फोन चालेल म्हणायचा! २००५ मध्ये ज्यासाठी खास आदेश लागत होता, ते पंधरा वर्षांत जवळपास नेहमीचं झालं.

कैद्याच्या वकिलाचं मात्र तसं झालेलं नाही. आपल्याकडेही तुरुंगातले बहुसंख्य लोक कच्चे कैदीच आहेत. पुढच्या पुरात आपली कोर्टं ऑनलाइन चालतील, वकील कुठूनही हजर होतील. त्या स्क्रीनच्या पलीकडे ज्याच्यासाठी कुणी लॉगिनच केलेलं नाही, त्याचं काय करायचं याचा नियम कोरड्या दिवसांतच लिहून ठेवावा लागेल.

असो. मंडळी, तुमच्यात कुणी वकील असेल तर जरूर लिहा. भेटू पुढच्या शनिवारी.