रेकॉर्ड लागली की कव्हर समोर

जॅझच्या दर्दी माणसाला ‘सध्या काय ऐकताय?’ असं विचारलं, तर तो नुसतं गाण्याचं नाव सांगून गप्प बसत नाही. तबकडी कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, ट्रम्पेटवर कोण, ड्रमवर कोण, पहिली बाजू चांगली की दुसरी, हे सगळं तो न विचारताच सांगतो. जपानमधल्या जॅझ ऐकवणाऱ्या कॉफीगृहांत या सवयीला रीतसर जागा आहे. तिथे तबकडीवर सुई टेकली की त्या रेकॉर्डचं कव्हर सगळ्यांना दिसेल अशा स्टँडवर उभं केलं जातं. बाजू संपून दुसरी रेकॉर्ड लागली की कव्हरही बदलतं. ही रीत कुठून आली याची दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, रेकॉर्डी महाग आणि दुर्मीळ होत्या, म्हणून लोक वाटून ऐकत. दोन, संग्राहकांना मिरवायची हौस असते. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. टंचाई तर सगळ्याच संगीताच्या वाट्याला आली होती, आणि मिरवणारे कुठे नसतात? या रीतीचं मूळ जॅझच्या तबकडीतल्याच एका उणिवेत आहे: आत कोण वाजवतंय हे ती तबकडी सांगत नसे, आणि जॅझमध्ये तर मुख्य प्रश्न तोच असतो.

२६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ या गोऱ्या वादकांच्या चमूने व्हिक्टर कंपनीसाठी दोन बाजू वाजवल्या, आणि जॅझची पहिली तबकडी बाजारात आली. तेव्हापासून पुढची पंधरा-वीस वर्षं या तबकड्या नाचाच्या रेकॉर्डी म्हणूनच विकल्या गेल्या. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. लेबलवर गाण्याचं नाव, रचनाकार, बँडचं नाव आणि बऱ्याचदा ‘फॉक्स ट्रॉट’ असा नाचाचा प्रकार. कॉर्नेटवर कोण होतं हे नाचणाऱ्याला कशाला हवं? शिवाय बँडचं नावही खरं असेलच असं नाही. एका कंपनीशी करार असलेले वादक दुसरीकडे टोपणनावाने वाजवत. ड्यूक एलिंग्टनचा एकच बँड विसाच्या दशकाच्या अखेरीस एका कंपनीकडे ‘द जंगल बँड’, दुसरीकडे ‘द व्हूपी मेकर्स’, तिसरीकडे ‘द हार्लेम फूटवॉर्मर्स’ अशा नावांनी विकला जात होता. दुकानात या तीन तबकड्या शेजारी ठेवल्या, तरी लेबलं वाचून त्यांचं नातं लागलं नसतं. ते लागायचं कानाने, आणि एका कानाचा भरवसा धरता येत नाही म्हणून चार-पाच जणांनी एकत्र बसून. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरायची, लेबल आणि खोबणी यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचायचा, तो दुसऱ्याच्या तबकडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा. तेच गाणं त्याच दिवशी दोनदा-तीनदा वाजवलेलं असे आणि वेगवेगळ्या छपाईत वेगवेगळा टेक जाई. म्हणजे दोघांकडे एकाच क्रमांकाची रेकॉर्ड असली, तरी दोघांनी ऐकलेलं वादन वेगळं असू शकत होतं. हे कळायला दोन्ही रेकॉर्डी एका टेबलावर याव्या लागत.

शिकणाऱ्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९२२ च्या सुमारास शिकागोच्या ऑस्टिन हायस्कूलमधली काही पोरं शाळा सुटल्यावर ‘स्पून अँड स्ट्रॉ’ नावाच्या आइस्क्रीमच्या दुकानात जमत. तिथे ग्रामोफोन होता आणि रेकॉर्डींचा ढीग होता. त्यात त्यांना ‘न्यू ऑर्लिन्स रिदम किंग्ज’ची, जेनेट कंपनीने इंडियानातल्या रिचमंड गावी मुद्रित केलेली तबकडी सापडली. जिमी मॅकपार्टलंड, बड फ्रीमन, फ्रँक टेशमाकर ही त्यातली पुढे नावारूपाला आलेली नावं. वाद्यं घेतल्यावर त्यांची शिकण्याची पद्धत अशी: चार-दोन मात्रा ऐकायच्या, सुई उचलायची, ज्याने-त्याने आपापला सूर शोधायचा, पुन्हा सुई टेकवायची. गुरू नाही, लिहिलेली स्वरलिपी नाही. तबकडी हाच पाठ, आणि तो एकट्याने गिरवता येत नाही, कारण बँडमध्ये प्रत्येकाचा सूर निराळा. एकाने ट्रम्पेट ऐकायचा, दुसऱ्याने क्लॅरिनेट, आणि नंतर एकमेकांना सांगायचं.

इथे मराठी वाचक हटकून विचारील, की आपलं रागसंगीतही जॅझसारखंच जागच्या जागी उपजणारं, आपल्याकडेही १९०२ पासून, गौहर जानच्या काळापासून, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या निघाल्या. मग ही रीत आपल्याकडे याच रूपात का रुजली नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर भीमसेन जोशींच्या चरित्रातल्या एका प्रसिद्ध प्रसंगात मिळतं. लहानपणी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि अकराव्या वर्षी घर सोडलं. कशासाठी? गुरू शोधण्यासाठी. ऑस्टिनच्या पोरांनी रेकॉर्ड ऐकली आणि ती पुन्हा लावली. आपल्याकडे तबकडी विद्येच्या दारापर्यंत नेऊन सोडत होती, आत शिकवणारं घराणं बसलं होतं. शिवाय त्या सुरुवातीच्या तबकड्यांच्या शेवटी गाणारा स्वतःच स्वतःचं नाव पुकारत असे. कोण गातंय हे ओळखण्याचा खटाटोप उरतच नव्हता. शिकागोच्या गोऱ्या मध्यमवर्गीय पोरांना काय, किंवा लंडन-पॅरिसच्या विद्यार्थ्यांना काय, न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय उस्तादांकडे जाऊन राहण्याची वाट जवळपास बंद होती. उरली तबकडी, आणि ती ऐकणारे सोबती.

तिसाच्या दशकात या सोबतीला संस्थेचं रूप आलं. पॅरिसमध्ये १९३२ साली ‘हॉट क्लब द फ्रान्स’ सुरू झाला. लंडनमध्ये १९३३ साली पहिला ‘रिदम क्लब’. या रिदम क्लबांचा मुख्य कार्यक्रम म्हणजे रेकॉर्डींची मैफल. एखादा सभासद आपल्या तबकड्या पेटीतून आणायचा, लावायचा, प्रत्येकीआधी कोण वाजवतंय आणि ऐकायचं काय ते सांगायचा; मग बाकीचे त्याच्याशी वाद घालायचे. १९३५ पासून ब्रिटनमध्ये अमेरिकन बँडना कामाचे परवाने मिळणं जवळजवळ थांबलं आणि ही कोंडी १९५६ पर्यंत सुटली नाही. गंमत अशी, की त्याच १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड मुंबईत ताजमहाल हॉटेलमध्ये वाजवू लागला होता. साम्राज्याच्या राजधानीत जे समोर बसून ऐकणं दुरापास्त झालं, ते अपोलो बंदरावर ऐकायला मिळत होतं, अर्थात ज्याला ताजमध्ये प्रवेश परवडत होता त्यालाच. मुंबईतल्या गोवेकर वादकांनी पुढे अशा वादकांच्या शेजारी बसून जे उचललं, ते नंतर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात कसं उतरलं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पॅरिसच्या मंडळींनी केलेलं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. चित्रकार दाम्पत्य रोबेर आणि सोनिया देलोने यांचा मुलगा शार्ल याने १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ हे पुस्तक काढलं. गाण्यांच्या किंवा कंपन्यांच्या क्रमाने न जाता त्याने तबकड्यांची मांडणी वादकांनुसार आणि ध्वनिमुद्रणाच्या बैठकांनुसार केली: कोण, कुठे, कधी, मॅट्रिक्स क्रमांक काय. ही माहिती कंपन्या सहसा छापत नसत. ती आली ऐकणाऱ्यांच्या अड्ड्यांतून, पत्रव्यवहारातून, वादकांना गाठून विचारलेल्या प्रश्नांतून. न्यूयॉर्कमध्ये बेचाळिसाव्या रस्त्यावर मिल्ट गेबलरचं ‘कमोडोर’ दुकान याच जातीच्या माणसांचा कट्टा होता. १९३५ मध्ये ‘युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका’ स्थापन झाल्यावर गेबलरने बाजारातून नाहीशा झालेल्या तबकड्या त्या नावाने पुन्हा छापायला घेतल्या आणि लेबलवर सगळ्या वादकांची नावं टाकली. ज्या माहितीसाठी लोक जमत, ती आता खुद्द तबकडीवर आली. रीतीने वस्तूचं रूप बदललं, ते इथे.

मग १९४८ साली कोलंबियाने विनाइलची, ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले बाजारात आणली. पुढे बारा इंची एलपीचं मोठं पुठ्ठ्याचं कव्हर जॅझसाठी रूढ झालं, आणि त्याच्या मागच्या बाजूला देलोनेच्या पुस्तकातली सगळी नोंद मावू लागली: वादक, वाद्यं, अनेकदा तारखा, खाली लांबलचक टिपणी. ब्लू नोट कंपनीच्या, १९५६ नंतरच्या, फ्रान्सिस वुल्फची छायाचित्रं आणि रीड माइल्सची अक्षरमांडणी असलेल्या कव्हरांकडे आता लोक चित्र म्हणून पाहतात. पण त्या काळच्या ऐकणाऱ्याला कव्हराची पाठ पोटापेक्षा जास्त उपयोगी होती. जपानी कॉफीगृहातला तो स्टँड या एलपीमुळेच शक्य झाला. ७८ च्या तबकडीला बहुधा मधे भोक असलेलं साधं कागदी पाकीट असायचं. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं.

जपानमध्ये ही कॉफीगृहं त्याआधीची. योकोहामाच्या नोगे भागात योशिदा मामोरू यांनी ‘चिगुसा’ १९३३ मध्ये उघडलं. १९४३ मध्ये सरकारने शत्रूराष्ट्रांच्या संगीतावर बंदी घातली, आणि १९४५ च्या मे महिन्यातल्या हवाई हल्ल्यात चिगुसा हजारो तबकड्यांसह जळालं. युद्धानंतर ते पुन्हा उभं राहिलं. अमेरिकन सैन्यासाठी काढलेल्या ‘व्ही-डिस्क’ त्या काळात जपानमध्ये पोचल्या, आणि तोशिको अकियोशी, सादाओ वातानाबे असे तरुण वादक चिगुसात बसून तबकड्यांवरून शिकले. बाहेरून आलेल्या एलपीची किंमत तेव्हा पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेर होती. कॉफीच्या एका कपात तासन्‌तास बसता येई, फर्माईश करता येई, फक्त बोलायचं नाही. टंचाईचा सिद्धांत इथे सगळ्यांत जोरकस ठरतो, म्हणून त्याची परीक्षाही इथेच घ्यावी. सत्तरच्या दशकापासून रेकॉर्डी आणि घरगुती यंत्रं सामान्यांच्या आवाक्यात आली तशी ही कॉफीगृहं कमी होत गेली, हे खरं. टंचाई संपली तशी दुकानं घटली. पण कव्हर दाखवण्याची, वादकांची नावं आणि साल सांगण्याची सवय संपली नाही. ती घराघरांत गेली. दुकानाचं कारण टंचाई असेल, रीतीचं नव्हे.

मिरवण्याच्या आक्षेपाला थोडं झुकूनच उत्तर द्यायला हवं. पहिल्या छपाईच्या प्रतीसाठी जीव टाकणारा आणि तीच प्रत दुसऱ्याकडे आहे म्हटल्यावर हिरमुसणारा संग्राहक हा प्राणी खराच आहे, आणि फारसा लोभस नाही. पण त्याच्या किरकिरीतही कधी कधी मुद्दा असतो. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या २ मार्च १९५९ च्या बैठकीत एक टेपयंत्र किंचित हळू चालत होतं; त्यामुळे त्या दिवशी वाजवलेली पहिल्या बाजूची तिन्ही गाणी बाजारातल्या तबकडीवर जरा वरच्या सुरात वाजत राहिली, आणि ही चूक दुरुस्त झाली १९९२ मध्ये. तबकडीबरोबर वाजवू पाहणाऱ्या वादकाच्या वाद्याचा सूर तिच्याशी जुळत नसे. अशा ठिकाणी ‘कोणती प्रत?’ हा प्रश्न नुसता शौकाचा राहत नाही. ज्या संगीतात रचना हे केवळ निमित्त आहे, तिथे तर तो टाळताच येत नाही. कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी ‘बॉडी अँड सोल’ वाजवलं, तेव्हा मूळ चाल सुरुवातीला जेमतेम सुचवली आणि उरलेल्या वेळात स्वतःचंच रचलं. ते गाणं जॉनी ग्रीनचं, पण लोक एकमेकांना ऐकवत होते ती ‘हॉकिन्सची ती तबकडी’. नुसतं गाण्याचं नाव घेतलं तर समोरच्याला काहीच कळत नाही.

या रीतीवरचा खरा गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो मला मान्य आहे. जे तबकडीवर आलं नाही, ते या वंशावळीतून गळून पडतं. न्यू ऑर्लिन्सच्या ज्या कॉर्नेटवादकाला अनेक जण या संगीताचा आदिपुरुष मानतात, त्या बडी बोल्डनचा एकही सूर आज ऐकायला मिळत नाही. १९०७ मध्ये तो मनोरुग्णालयात गेला आणि मागे उरल्या त्या ऐकणाऱ्यांच्या आठवणी. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, तो १९४४ पर्यंत चालला. नेमक्या याच काळात हार्लेममध्ये बीबॉप ही जॅझची नवी शैली घडत होती. त्याआधीची, तिथल्याच मिंटन्स क्लबमधली, १९४१ ची चार्ली ख्रिश्चनची गिटार ऐकायला मिळते, ती केवळ जेरी न्यूमन नावाच्या एका विद्यार्थ्याने स्वतःचं यंत्र तिथे नेऊन तबकड्या कापल्या म्हणून. पुढच्याच वर्षी ख्रिश्चन पंचविशीत वारला. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या वर्तुळाने जॅझचा इतिहास जपला, आणि तो तबकडीच्या मापाचाही करून टाकला.

आज फोनवर ऐकताना पडद्यावर गाण्याचं नाव आणि बँडच्या प्रमुखाचं नाव येतं. बासवर कोण, ड्रमवर कोण हे पुष्कळदा येत नाही, आलं तर चार ठिकाणी बोटं लावून शोधावं लागतं. म्हणजे १९२९ च्या लेबलावर जेवढं छापलेलं असे, जवळपास तेवढंच. त्यामुळे जुन्या एलपी बाळगणारे आपण काय ऐकतोय हे मित्रांना कळवताना कव्हराच्या दर्शनी बाजूबरोबर पाठीचाही फोटो पाठवतात, आणि वादकांच्या नावांची ओळ वाचता येईल इतक्या जवळून काढलेला.