पांगुळगाडा ते ट्रंकी : मुलाला बसवून ओढायच्या पेटीची कुळकथा

५ जानेवारी २०२३ रोजी मोपा येथील मनोहर विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि बांद्याच्या माणसाला विमान जवळजवळ अंगणात आले. ज्या पेडणे महालात हा विमानतळ उभा आहे, तो १७८८ साली पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकरांचाच होता, हे जाता जाता. आजचा विषय मात्र राजकारणाचा नाही. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर शिंगे असलेल्या रंगीत पेटीवर मूल बसलेले असते आणि बाप पट्टा धरून ती ओढीत असतो. ही पेटी आली कोठून?

चाकांवरचा प्राणी आपल्याला नवा नाही. १९७४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे कांस्याच्या चार वस्तू सापडल्या : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चाकांवर चालतील अशाच बेताने त्या ओतलेल्या आहेत. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक, तेव्हा ही पोरांची खेळणी खासच नव्हेत. त्या नेमक्या कोणत्या काळातील, यावर विद्वानांत वाद झाला आहे. परंतु प्राण्याला चाके लावण्याची हौस या मातीत फार जुनी, एवढे त्यावरून निःसंशय म्हणता येते.

खेळण्यात सामान भरण्याची कल्पनाही जुनीच. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे नावच मुळी मातीच्या खेळगाडीवरून पडले. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्याच्या मातीच्या गाडीत भरते. पुढे तेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. ही न्यायसभा ध्यानात ठेवा.

बांद्याच्या अगदी जवळ, सावंतवाडीच्या चितारआळीत, लाकडी खेळणी बनतात. पांगाऱ्याचे लाकूड त्यांना प्रिय, कारण ते हलके. चालू लागलेल्या मुलाने दांडा धरून पुढे ढकलायचा तीन चाकांचा पांगुळगाडा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरला. त्यात सामान मावत नाही. पण मुलाला ‘वाहन माझे आहे’ हा जो अभिमान वाटतो, त्याचे मूळ तेथेच आहे.

मग प्रवासाच्या पेटीला चाके इतक्या उशिरा का लागली? चाकरमानी वेंगुर्ल्याच्या बंदरात आगबोटीतून उतरे तेव्हा पत्र्याची ट्रंक हमालाच्या डोक्यावर, वळकटी काखेत आणि मूल आईच्या कडेवर असे. चाक फिरावे अशी जमीनच वाटेत नव्हती आणि ओझे उचलणारे दुसऱ्याचे डोके स्वस्तात मिळत होते. माझ्या मते दुसरे कारण अधिक खरे. विमानतळांनी सपाट फरशी आणली आणि हमाल नाहीसा केला. १९७२ साली बर्नार्ड सॅडो या अमेरिकी गृहस्थाला चाकांच्या सुटकेसचे पेटंट मिळाले. तीही आडवी, पट्ट्याने ओढायची. उभी, दांड्याची बॅग पुढे रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने आणली.

१९९७ साली इंग्लंडमधील रॉब लॉ हा विद्यार्थी सामानाच्या बॅगेचे नवे रूप शोधत दुकानात हिंडत होता. बॅगा पाहून काही सुचेना. खेळण्यांच्या विभागात मुलांनी बसायच्या गाड्या दिसल्या आणि दोन्हींचा मेळ बसला. २००६ साली ‘ट्रंकी’ बाजारात आली. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर गुंतवणूकदारांसमोर तिचा पट्ट्याचा हूक एकाने ओढून तोडला आणि भांडवल हुकले. तरीही ती खपली. पुढे ‘किडी केस’ नावाची स्वस्त पेटी आली, दावा लागला, २०१६ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात ट्रंकी हरली. न्यायालयाने कल्पनेची वाखाणणी केली, पण नोंदणी कायदा आकाराचे रक्षण करतो, कल्पनेचे नाही, असा निर्णय दिला. एक पेटी शिंगांच्या जनावरासारखी, दुसरी मिशांच्या किड्यासारखी. म्हणून एकूण ठसा वेगळा. लॉ यांच्याबद्दल हळहळ वाटते. मात्र प्राण्याला चाके लावण्याची मक्तेदारी कोणा एकाला मिळाली असती, तर चितारआळीलाही ते जड गेले असते.

आता ज्यांच्या घरी लहान भावंड वा भाचरू आहे, त्यांच्यासाठी. ट्रंकीत अठरा लिटर सामान मावते आणि ती साधारण तीन वर्षांपुढील मुलासाठी आहे. नुकते चालू लागलेले मूल तिच्यावरून कलंडते. देशांतर्गत विमानांत हातातील सामानाला बहुधा सात किलोंची मर्यादा असते, तेव्हा रिकाम्या पेटीचे वजन आधी पाहावे. पांगाऱ्याचे शहाणपण येथेही लागू पडते. हूक व पट्टा दुकानातच ओढून पाहावा. पट्टा खांद्यावर अडकवता येईल इतका लांब हवा, कारण अर्ध्या वाटेत मूल उतरून पळते आणि पेटी बापाच्या खांद्यावर येते. सरकत्या जिन्यावर मुलाला पेटीवर बसवून नेऊ नये. आणि पेटीत मौल्यवान काही भरू नये. रोहसेनाच्या गाडीतील दागिन्यांनी बापाला कोठे नेऊन पोचवले, ते वर आलेच आहे.