खोकरीचे घुमट

रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ, खोकरी गावी असलेल्या जंजिरा जलदुर्गाच्या सिद्दी सत्ताधीशांच्या तीन दगडी कबरी. काळ सतराव्या शतकाची अखेर ते अठराव्याचा पूर्वार्ध. येथे विसावलेल्यांपैकी दोघे भाऊ असले, तरी तिघांना रक्तापेक्षा गादीने एकत्र आणले आहे. त्या काळी जंजिऱ्याचे प्रमुखपद बापाकडून मुलाकडे जाईच असे नाही, बलवान सरदाराकडे जाई.

सर्वांत मोठा घुमट सिरुलखानाचा (सुरूरखान असेही लिहितात). येथेच विसावलेल्या याकूतखानानंतर सत्ता सिरुलखानाकडे आली. ही कबर त्याने हयातीतच बांधवून घेतली, असे सांगतात. चौरस इमारत, दर्शनी भिंतींत कमानदार कोनाडे, दगडी जाळ्या, वर घुमट. समुद्री सत्तेच्या या दर्यावर्दींची कलादृष्टी जंजिऱ्याच्या तटापेक्षा या जाळ्यांत अधिक दिसते. कोकणातील मुसलमानी वास्तुकलेच्या अभ्यासकाने त्या चुकवू नयेत.

उरलेले दोन घुमट सिद्दी कासम ऊर्फ याकूतखान व त्याचा भाऊ खैरियतखान यांचे. जंजिऱ्याचा आधीचा प्रमुख फत्तेखान याला दूर करून ज्या तिघांनी जंजिरा हाती घेतला, त्यांतले हे दोघे. तिसरा सिद्दी संबळ. कासमने १६७१ मध्ये शिमग्याच्या रात्री जंजिऱ्यासमोरच्या किनाऱ्यावरील दंडा-राजपुरी मराठ्यांकडून घेतली. १६७७ मध्ये संबळाला हटवून तो मोगल आरमाराचा प्रमुख झाला आणि जंजिरा खैरियतखानाकडे गेला. १६८९ मध्ये याच याकूतखानाने मुंबई बेटावर उतरून माझगाव व माहीम घेतले, इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. वेढा जून १६९० मध्ये उठला.

दोन्ही कबरींवर अरबी लेख आहेत. याकूतखानाचा मृत्यू गुरुवार, ३० जमादिलावल हिजरी १११८, म्हणजे सप्टेंबर १७०६. जुन्या याद्या त्याची कारकीर्द १७०७ पर्यंत नेतात. लेखातील तिथी व वार एकमेकांशी जुळत असल्याने लेखच प्रमाण धरावा. खैरियतखानाचे वर्ष १०१८ असे वाचले जाते, पण ते इ.स. १६०९ ठरते. आकड्यांची अदलाबदल झाली असावी. ११०८ (१६९६) हेच घटनाक्रमाशी जुळते.

व्यवस्था : सिरुलखानाच्या कबरीसाठी जंजिऱ्याच्या नवाबाने सावली-मिठागर, तर दोघा भावांच्या कबरींसाठी दोडकल हे गाव लावून दिले होते. दर गुरुवारी कुराणपठण होई व पुण्यतिथी पाळली जाई.